कंटेनरमधील आभासी साठवण यंत्रणा : ग्रंथसंग्रहाच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रास्ताविक

बुऱ्हाणपूरच्या कागदपत्रांची भाषा तेथील सत्तांबरोबर बदलत गेली आहे. फारुकी सुलतानांचे हे शहर असीरगड पडल्यावर, म्हणजे १६०१ पासून, पक्केपणी मुघलांकडे आले. १७६० मध्ये ते निजामाकडून मराठ्यांकडे व पुढे शिंद्यांच्या वाट्यास गेले आणि १८६० मध्ये इंग्रजी अमलात सामील झाले. १९५६ पर्यंत येथला कारभार नागपूरहून चाले, त्यानंतर भोपाळहून. २००३ पासून बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा आहे. परिणामी या गावाविषयी चार ओळी खात्रीने लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास फारसी, उर्दू, मोडी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा अनेक तऱ्हांचे कागद चाळावे लागतात. येथील जामा मशिदीत अरबीच्या जोडीने संस्कृत शिलालेख आहे व त्यावर विक्रम संवत १६४६ कोरलेले आहे, हे तर सर्वज्ञात आहे.

दगड टिकला, कागदाचे तसे नाही. म्हणून स्कॅनिंग आले, आणि स्कॅनिंगबरोबर साठवणीचा प्रश्न आला. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर, रंगीत आणि न दाबता स्कॅन केले तर सुमारे २५ मेगाबाइटची फाइल होते. अशी ४० हजार पाने झाली की एक टेराबाइटची डिस्क भरली. एका मध्यम आकाराच्या महाविद्यालयाची जुनी नियतकालिके, हस्तलिखिते आणि दाखल-खारिज रजिस्टरे मिळून हा आकडा गाठणे मुळीच कठीण नाही. या कामासाठी बाजारात नेटवर्क साठवण यंत्रे मिळतात. व्यवहारात त्यांना 'नॅस' म्हणतात. एका पेटीत दोन-चार हार्ड डिस्का, तिची स्वतःची कार्यप्रणाली, आणि ग्रंथालयातील सर्व संगणकांना त्या पेटीतील फोल्डर दिसण्याची सोय, असे तिचे स्वरूप असते. पेटी महाग पडते. म्हणून अलीकडे एक निराळी वाट सुचवली जाते : पेटी घेऊ नका, पेटीची फक्त कार्यप्रणाली घ्या, आणि ती आपल्याच एखाद्या संगणकावर कंटेनरमध्ये आभासी रीतीने चालवा. सदर लेखात या सूचनेची चिकित्सा केली आहे. तंत्रज्ञान चालते की नाही हा येथे मुख्य प्रश्न नाही, ते चालते. जो संग्रह दुसऱ्यांदा गोळा होणार नाही तो त्याच्या हवाली करावा काय, हा प्रश्न आहे.

रचना

या रचनेचा सर्वांत परिचित नमुना सिनॉलॉजी या तैवानी कंपनीच्या 'व्हर्च्युअल डीएसएम' या प्रणालीचा आहे. डीएसएम, अर्थात डिस्कस्टेशन मॅनेजर, ही या कंपनीच्या पेट्यांवर चालणारी कार्यप्रणाली आहे. तिची आभासी आवृत्ती कंपनीने स्वतःच्या पेट्यांसाठीच काढली. तीच आवृत्ती डॉकरच्या कंटेनरमध्ये चालविण्याची एक मुक्तस्रोत सोय बाहेरच्या स्वयंसेवकांनी तयार केली आहे.

येथे दोन शब्दांचा घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे, कारण बरीचशी गैरसमजूत त्यातूनच उपजते. कंटेनर आणि आभासी यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने लोकप्रिय केलेला कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम त्याच्या सर्व सामानासह एका आडोशात चालविणे. त्या आडोशाला स्वतःचा कर्नेल नसतो; यजमान लिनक्सचाच कर्नेल तो वापरतो. घर एकच, त्यात खोल्या पाडलेल्या. आभासी यंत्र मात्र संपूर्ण संगणकाचे सोंग आणते : त्याचा प्रोसेसर, त्याची डिस्क, त्याचे नेटवर्क कार्ड, आणि त्यावर अगदी निराळा कर्नेल. लिनक्सवर हे सोंग वठवणारा 'क्यूएमू' हा प्रोग्राम फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि प्रोसेसरच्या अंगभूत सोयीचा लाभ घेऊन त्याला वेग देणारी 'केव्हीएम' ही जोड २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये सामील झाली.

प्रस्तुत रचनेत कंटेनरच्या आत क्यूएमू चालतो आणि क्यूएमूच्या आत डीएसएम चालते. म्हणजे कंटेनर हे केवळ बाहेरचे वेष्टण आहे. प्रत्यक्ष काम आभासी यंत्रच करते. वेष्टणाचा फायदा एवढाच की मांडणी एका छोट्या मजकुरात लिहून ठेवता येते व एका आज्ञेने सर्व काही उभे राहते. हा फायदा लहान नाही. ज्या महाविद्यालयात संगणक विभागाचा एकच प्रशिक्षक असतो आणि तोही दर दोन वर्षांनी बदलतो, तेथे 'मांडणी कशी केली होती' हे एका कागदावर लिहिलेले मिळणे मोठी गोष्ट आहे. शिवाय विद्यार्थ्यांना साठवणीचे शिक्षण देण्यासाठी, वापरकर्त्यांचे अधिकार कसे द्यावेत, फोल्डरची वाटणी कशी करावी हे दाखविण्यासाठी, अशी रचना फार सोयीची ठरते. बिघडली तर पुसावी आणि नव्याने उभी करावी. प्रयोगशाळेचा गुण नेमका हाच असतो, आणि संग्रहालयात हाच गुण दोष ठरतो.

परवान्याचा प्रश्न

पहिला आक्षेप तांत्रिक नाही. सिनॉलॉजीचा वापरपरवाना ही प्रणाली कंपनीच्या पेटीशिवाय अन्य यंत्रावर बसविण्यास अनुमती देत नाही. ही गोष्ट दडवलेली नाही. कंटेनर तयार करणाऱ्या स्वयंसेवकांनी आपल्या माहितीपत्रकातच तसे स्पष्ट बजावले आहे. त्यांचा स्वतःचा कोड मुक्त आहे, पण तो ज्या प्रणालीला खेचून आणतो ती मुक्त नाही. तेव्हा 'फुकट मिळते' आणि 'वापरण्यास मोकळे आहे' यांत जो फरक आहे तो येथे पुरेपूर लागू पडतो. ज्यांच्याकडे सिनॉलॉजीची पेटी आधीच आहे त्यांच्यासाठी ही वाट खुली आहे. पण पेटी नाही म्हणूनच ज्यांना ही वाट सुचवली जाते, नेमके त्यांनाच तिची मुभा नाही. शिक्षणसंस्थेने आपला संग्रह अशा पायावर उभा केला तर उद्या अनुदानाच्या तपासणीत वा दुरुस्तीच्या वेळी ती कोणाकडे दाद मागणार?

परवान्यामागे आणखी एक गोष्ट असते : मालकाची मर्जी. २०२५ मध्ये याच कंपनीने आपल्या काही नव्या पेट्यांत मुख्यतः स्वतःच्या व स्वतः प्रमाणित केलेल्या डिस्काच चालतील असे धोरण आणले. ग्राहकांची नाराजी ओढवल्यावर त्याच वर्षी नव्या आवृत्तीत ते बरेचसे सैल केले. धोरण मागे घेतले गेले हे चांगले झाले. परंतु परवानाधारक ग्राहकांचीही जेथे अशी ओढाताण होते तेथे परवान्याबाहेर बसलेल्याचे काय, हे वेगळे सांगावयास नको.

एका फाइलीत सारा संग्रह

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. आभासी यंत्राची डिस्क ही खरी डिस्क नसते. यजमान संगणकावरील ती एक मोठी फाइल असते. प्रस्तुत कंटेनरमध्ये ती 'डेटा.आयएमजी' अशा साध्या नावाची असते. ग्रंथपालास डीएसएमच्या पडद्यावर 'उर्दू नियतकालिके', 'मोडी कागद', 'शाळा रजिस्टरे' असे नीट लावलेले फोल्डर दिसतात. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ती केवळ एक अवाढव्य फाइल. ४० हजार पाने, आणि त्यांच्यावर एकच नाव.

साध्या डिस्कवर एखादा भाग खराब झाला तर बहुधा काही फाइली जातात, बाकीच्या वाचवता येतात. येथे तोच खराब भाग नेमका आतल्या फाइलव्यवस्थेच्या मर्मावर आला तर काय गेले आणि काय राहिले हे कळण्यासाठीसुद्धा आधी आतले यंत्र चालू व्हावे लागते. ते चालू झाले नाही, तर त्या फाइलीचे पोट फाडण्याची विद्या असलेला माणूस शोधावा लागतो. शिवाय डिस्कच्या प्रकृतीची पूर्वसूचना देणारी व्यवस्था खऱ्या डिस्कशी बोलते. आतल्या डीएसएमला खरी डिस्क दिसतच नाही, म्हणून तिचा पडदा शेवटच्या दिवसापर्यंत 'सर्व ठीक' असे दाखवू शकतो. हे खोटे बोलणे नव्हे. तिला दिसते तेवढेच ती सांगते. ट्रूनॅस या दुसऱ्या प्रसिद्ध साठवण प्रणालीच्या बाबतीतही, तिला आभासी यंत्रात बसवावयाचे झाल्यास डिस्कांचा ताबा थेट तिच्याकडे द्यावा, मध्ये आभासी डिस्क ठेवू नये, असेच जाणकार सांगत आले आहेत. तिची झेडएफएस ही फाइलव्यवस्था खऱ्या डिस्कशी प्रत्यक्ष संबंध गृहीत धरूनच बेतलेली आहे.

बुऱ्हाणपूरकरांस या ठिकाणी कुंडी भंडाऱ्याची आठवण होणे साहजिक आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भुयारातून शहरापर्यंत आणले गेले; युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२४ मध्ये त्याचा समावेश झाला. तीही जमिनीखाली दडलेली साठवणच. परंतु त्या भुयारावर ठरावीक अंतराने शंभरावर कुंड्या आहेत. हवा-उजेड आत जातो, आणि भुयार कोठे तुंबले हे त्या त्या कुंडीत उतरून पाहता येते. आभासी डिस्कच्या फाइलीला अशी कुंडी नाही. एकच तोंड आहे, आणि ते आतल्या यंत्राच्या हाती आहे.

वीज, नेटवर्क आणि इतर अडचणी

निमाड-खानदेशातील महाविद्यालयांस वीज जाण्याचे नवल नाही. डॉकरला कंटेनर थांबविण्याची आज्ञा मिळाली की तो आतल्या प्रोग्रामला आवराआवर करण्यासाठी साधारणतः दहा सेकंद देतो आणि मग सरळ तोडतो. पण दहा सेकंदांत एक संपूर्ण कार्यप्रणाली बंद होत नाही. म्हणून या कंटेनरच्या कर्त्यांनी ही मुदत दोन मिनिटे ठेवावी असे सांगितले आहे. मांडणीच्या मजकुरात ती ओळ राहून गेली, की यूपीएसने वेळेवर इशारा दिला आणि यजमान संगणक शिस्तीत बंद झाला तरी आतले यंत्र अर्ध्या वाक्यावर तोडले जाते. एका ओळीवर संग्रह टांगलेला असणे ही काही चांगली व्यवस्था नव्हे.

नेटवर्काचे त्रांगडे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. कंटेनर स्वतःच्या आडोशात असल्याने ग्रंथालयातील इतर संगणकांना तो आपोआप दिसत नाही, त्याची दारे एकेक करून उघडावी लागतात. फाइल-वाटपाचे ४४५ क्रमांकाचे दार यजमानाने आधीच व्यापलेले असण्याचा संभव असतो. त्याला स्वतंत्र पत्ता द्यावा तर इतर सर्वांना तो दिसतो आणि ज्या संगणकावर चालतो आहे त्यालाच दिसत नाही, अशी गंमत होते. यावर उपाय आहेत, पण ते ज्याला करता येतात त्याला मुळात या रचनेची गरज नसते. विंडोजच्या संगणकावर तर आणखी दोन थर वाढतात, कारण तेथे डॉकर स्वतःच एका आभासी लिनक्समध्ये राहतो. आणि या सर्वासाठी कंटेनरला केव्हीएमचे व नेटवर्काचे जादा अधिकार द्यावे लागतात. म्हणजे ज्या आडोशाच्या सुरक्षिततेचे कौतुक केले जाते, त्यालाच स्वतःच्या हाताने खिंडार पाडावे लागते.

सुरक्षिततेबाबत एक प्रसंग ध्यानात ठेवावा. ऑगस्ट २०१४ मध्ये 'सिनोलॉकर' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने डीएसएमच्या जुन्या, न सुधारलेल्या आवृत्त्या चालविणाऱ्या पेट्यांतील फाइली कुलूपबंद केल्या. दुरुस्ती आधीच उपलब्ध होती. लोकांनी ती बसविली नव्हती. जितके थर अधिक तितक्या ठिकाणी दुरुस्ती बसवावी लागते : यजमान, डॉकर, कंटेनर, डीएसएम. कामाच्या रगाड्यात यातील एखादा थर विसरला जाणार, हे कोणत्याही कार्यालयात बसलेला मनुष्य सांगू शकेल.

प्रत म्हणजे काय

या रचनेचे समर्थक स्नॅपशॉटचा, म्हणजे एका क्षणाची स्थिती गोठवून ठेवण्याच्या सोयीचा, उल्लेख नेहमी करतात. सोय उत्तम आहे. चुकून पुसलेली फाइल त्यातून परत मिळते. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही गेले. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्रास आग लागली तेव्हा ज्यांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही त्याच आवारात होती त्यांना हा धडा फार महाग पडला.

आपल्याकडचा धडा अधिक जवळचा आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसह अनेक संस्थांनी लाखो ग्रंथ स्कॅन केले. त्यांत मराठी व उर्दू ग्रंथ विपुल होते. स्कॅनिंगचा दर्जा सदोष होता, नोंदी तर त्याहून सदोष, तरी उर्दूच्या कित्येक अभ्यासकांना लिथोवर छापलेली दुर्मीळ पुस्तके प्रथम तेथेच पाहावयास मिळाली. २०१७ च्या सुमारास हे संकेतस्थळ बंद पडले. तो संग्रह आज वाचता येतो तो 'इंटरनेट आर्काइव्ह'वर, कारण कार्ल मालमूद यांच्या 'पब्लिक रिसोर्स' या संस्थेने त्यातील बराच मोठा भाग आधीच उतरवून तेथे चढविला होता. हे शक्य झाले कारण फाइली साध्या होत्या. प्रत्येक पुस्तक सुटे होते, आणि ज्याला हवे त्याला उतरवून घेता येत होते. तोच संग्रह एखाद्या आभासी डिस्कच्या पोटात असता तर सरकारी दार बंद झाले त्या दिवशी सर्वच संपले असते.

तात्पर्य, ग्रंथसंग्रहासाठी उघडा फोल्डर हीच खरी साठवण आहे. जुन्या संगणकावर साधे लिनक्स आणि फाइल-वाटपासाठी 'साम्बा', अथवा थोडी दृश्य सोय हवी असल्यास 'ओपनमीडियाव्हॉल्ट', एवढ्यावर महाविद्यालयाचे काम भागते. दोन्ही मुक्त आहेत, परवान्याची अडचण नाही. डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स संगणकास जोडली की फाइली जशाच्या तशा समोर येतात. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, निराळ्या इमारतीत. यात चमकदार असे काही नाही, आणि नियतकालिकांत यावर कोणी लिहीतही नाही.

नावांचा प्रश्न

साठवण कोणतीही असो, एक गोष्ट ती सोडवत नाही. 'बुऱ्हाणपूर' हा शब्दच घ्या. त्यातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी टंकता येतो : नुक्त्याचे तयार अक्षर घेऊन, साधा 'र' आणि सुटा नुक्ता जोडून, किंवा 'र'च्या हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे. संगणकाला तीन वेगळी नावे. उर्दूत तर अरबी 'ये' आणि उर्दू 'ये', अरबी 'काफ' आणि उर्दू 'काफ', तसेच 'हे'चे प्रकार यांमुळे एकाच शब्दाची दोन-चार रूपे सहज होतात. एका लिपिकाने एका कळफलकाने नोंदविलेले पुस्तक दुसऱ्या कळफलकाने शोधले तर सापडत नाही. हा दोष कंटेनरच्या आतही राहतो आणि बाहेरही. नावे देण्याची एक पद्धत आधी ठरवून लिहून ठेवावी लागते, आणि हे काम भाषेच्या प्राध्यापकांचे आहे, संगणक विभागाचे नव्हे.

चुकीची नोंद किती दीर्घायुषी असते याचे उदाहरणही गावातच आहे. कुंडी भंडारा बांधणाऱ्या इराणी तज्ज्ञाचे नाव 'तबकुतुल अर्ज' असे ठिकठिकाणी छापले जाते. उर्दू जाणणाऱ्यास 'तबकात-उल-अर्ज' म्हणजे भूस्तरांचे शास्त्र हे तत्काळ ध्यानी यावे. विद्येचे नाव माणसाला चिकटलेले दिसते, आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात, तेथून फलकावर, असा त्याचा प्रवास चालू आहे.

आभासी यंत्राची योग्य जागा

असे असले तरी आभासी यंत्राला संग्रहाच्या कामात स्थान नाही असे म्हणणे एकांगी होईल. त्याची खरी जागा साठवणीत नसून वाचनात आहे. १९९० नंतरच्या काळात उर्दूचे बहुतेक टंकन 'इनपेज'मध्ये आणि मराठीचे 'श्रीलिपी', 'आयएसएम' यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटांत झाले. अनेक स्मरणिका, प्रश्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तकांच्या मूळ प्रती अशा फाइलींत आहेत. त्या फाइली सुखरूप असल्या तरी आजच्या संगणकावर उघडल्यास इनपेजची फाइल उघडत नाही आणि मराठी मजकूर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन समोर येतो. त्या वाचण्यासाठी त्या काळची विंडोज, तो प्रोग्राम, तो फाँट, आणि पुष्कळदा संगणकाच्या मागे लावावयाची ती चावीसुद्धा लागते. येथे क्यूएमूसारखे आभासी यंत्र अमूल्य ठरते. जुनी विंडोज त्यात जिवंत ठेवता येते आणि नवे संगणक येत-जात राहिले तरी ती हलत नाही. त्या यंत्राची मांडणी कंटेनरमध्ये लिहून ठेवली तर पुढच्या प्रशिक्षकास ती पुन्हा शोधावी लागत नाही. ते यंत्र बिघडले तर संग्रहास धक्का लागत नाही, कारण फाइली बाहेर, उघड्या फोल्डरात असतात. आत जाते ती केवळ वाचावयाची प्रत.

हे काम लवकर हाती घेतले पाहिजे. इनपेजच्या त्या जुन्या चाव्या समांतर पोर्टात बसत असत, आणि तो पोर्ट असलेले संगणक महाविद्यालयांच्या भंगार-यादीत दरवर्षी जात आहेत. त्या यादीवर सही होण्यापूर्वी उर्दू वा मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाने अडगळीच्या खोलीत जाऊन कोणत्या यंत्राच्या मागे चावी अद्याप लावलेली आहे ते पाहावे, चावी काढून घ्यावी, आणि यंत्राच्या डिस्कवर 'आयएनपी' शेपटाच्या फाइली किती आहेत ते मोजून रजिस्टरात नोंदवावे.